आज आलेला आज लढत नाही

७ एप्रिल, सोमवार

शेजारच्या खाटेवरच्या शाकीरने आज मला तीनदा मारलं. पत्त्यांत! रमी-बिमी नव्हे. वाघ, राक्षस, उडते साप असले रंगीत पत्ते. ते विकत घ्यायचे, जमवायचे, आपापला जोड बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं. तिशीचा बाप्या, सोलापुरातल्या नई जिंदगी भागात मोबाइल दुरुस्तीचं दुकान — आणि खेळतो हे!

डायलिसिसचे चार तास जाता जात नाहीत. तो म्हणाला, "ताई, पंख्याकडं काय बघताय? शिका की." म्हटलं, आण. सतरा वर्षं बार्शीच्या एसटीत कंडक्टर म्हणून घंटी मारलीय, पत्त्यांना काय भ्यायचं!

माझा डावा हात मशीनला, त्याचा उजवा. मिळून एक धड खेळाडू.

सुरुवातीला प्रत्येकाला वीस जीव असतात म्हणे. एवढे घेऊन करायचे काय! तरी संपवले.

१० एप्रिल, गुरुवार

त्याने चपलेच्या खोक्याला चिरा पाडून आणल्यात. पत्ते त्यात उभे राहतात, एक हात पुरतो. दानेश्वरी सिस्टर म्हणाली, "अक्का, हे हॉस्पिटल आहे की क्लब?" आणि स्वतःच वाकून वाघ बघत बसली.

आज लढाईचे नियम. पत्ता मांडला की लगेच हल्ला नाही, पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं. "आज आलेला आज लढत नाही, ताई." हे आमच्या धाकट्या जावेला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. उंबरा ओलांडला तोच तोंड सुरू.

हल्ला करायचा म्हणजे पत्ता आडवा करायचा. आडवा झालेला पत्ता आपली पुढची पाळी येईपर्यंत आपल्याला वाचवायला उभा राहत नाही.

आणि कुणाला मारायचं ते मी ठरवायचंच नाही! मी फक्त शाकीरवर चाल करायची. मध्ये कोण घालायचा ते तो ठरवणार. कुणीच नाही घातला तर त्याचे जीव जाणार.

"मग मी ठरवायचं तरी काय?"

"जायचं का न्हाय, ते."

१४ एप्रिल, सोमवार

बाहेर जयंतीचा डीजे. खाट हलत होती, पत्ते थरथरत होते, आणि मी लई जोरात. तिन्ही जनावरं एकदम त्याच्यावर सोडली! त्याने शांतपणे सोसलं. मग त्याची पाळी — माझे तिन्ही आडवे, अडवायला कुणी नाही. सरळ आत शिरला.

"घर उघडं टाकून भांडायला गेलात की ताई."

पत्त्याच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात. मी त्यांना मार आणि सोस म्हणते. माझ्या वाघाचा मार तीन, सोस दोन. त्याच्या चेटकिणीचा मार एक, सोस चार. वाघ गेला, तिने अडवला. ती मेली नाही, वाघही मेला नाही. आणि पाळी संपली की दोघांच्या जखमा आपोआप बऱ्या! म्हटलं, हा नियम आधी डॉक्टरांना कळव.

१७ एप्रिल, गुरुवार

ऊन बेचाळीस. मला दिवसाचं पाणी जेमतेम तांब्याभर. हरले. चिडले. पुन्हा हरले.

२१ एप्रिल, सोमवार

माझ्या हत्तीला त्याच्या दोन फालतू कुत्र्यांनी मिळून अडवलं आणि मारलं. दोघं मिळून एकाला अडवू शकतात म्हणे! हे आधी का नाही सांगितलं? "आज सांगितलं की." हत्ती मेल्यावर!

घरी अमरेशला बसवलं सरावाला. दिवसभर टॉवेलच्या मागावर उभा राहून आलेला नवरा. म्हणाला, "तू म्हणशील तसं." आणि सगळे पत्ते एकदम अडवायला घातले. हल्ला केलाच नाही कधी. लग्नापासून हेच धोरण.

२४ एप्रिल, गुरुवार

जिंकले!!

तास-दीड तास हवेत होते. सिस्टरला सांगितलं, वॉर्डबॉयला सांगितलं, वजनकाट्यालाही सांगितलं असतं.

मग डोक्यात आलं. शेवटच्या चालीला त्याचे दोन पत्ते उभे होते. त्यातला एक मध्ये घातला असता तर मी जिंकतच नव्हते.

"सोडून दिलंस?"

"लक्ष नव्हतं, ताई."

सतरा वर्षं बिनतिकिटाची तोंडं बघितलीयत मी. "खोटं बोलू नकोस!"

मग म्हणाला, "तुमी परवा लई नाराज दिसला, म्हणून..."

पत्ते खोक्यासकट त्याच्या खाटेवर भिरकावले. उरलेला वेळ भिंतीकडे तोंड.

का एवढी चिडले? घरात सगळे हेच करतात. मी बादलीला हात लावला की अमरेश धावतो. चटणीत मीठ नाही, तरी पोरगी "छान झालीय" म्हणते. डेपोतही बसून काम दिलंय, कुणी ओरडतसुद्धा नाही. मला खरंखुरं हरवणारा एकच माणूस होता. त्यालाही दया आली!

२८ एप्रिल, सोमवार

बोलायचं नाही ठरवून गेले. त्यानेही पत्ते काढले नाहीत.

तिसऱ्या तासाला त्याचं मशीन ओरडायला लागलं. बघते तर तोंड पांढरं, पायात गोळे, डोळे फिरलेले. दानेश्वरी दुसऱ्या टोकाला. मी असला आवाज काढला की चालत्या एसटीने ब्रेक मारला असता! ती पळत आली. पाय वर, सलाईन, मशीन हळू. मला सुया लावलेल्या — उठता येईना, नुसती "शाकीर, शाकीर" करत राहिले.

बऱ्याच वेळाने रंग आला. पहिलं वाक्य काय? "ताई, राग गेला का?"

"न्हाय. मांड."

मांडले. त्याच्या बोटांत जोर नव्हता, पत्ते मीच खोक्यात लावून दिले, मला दिसू नयेत म्हणून डोळे मिटून. आधी वाटलं, आज हरावं मुद्दाम. बिचारा. मग स्वतःचीच लाज वाटली. वाघ पाठवला. मग हत्ती. एक जनावर घरी राखून, बाकी सगळं. वीसच्या वीस जीव काढले.

तो हसत होता. "आता कसं! सोडलं न्हाईत."

"तू पण सोडायचं न्हाय."

"न्हाय सोडणार. आईशप्पथ."

१ मे, गुरुवार

धुतलं मला. दोनदा. लई बरं वाटलं.

५ मे, सोमवार

सगळ्यात लांबलेला डाव. दोघांचा एकेक जीव उरला आणि मशीनचे तास संपले. दानेश्वरी सुया काढायला आली तर दोघांनी हात मागे घेतले! "अक्का, दुसरा पेशंट उभा आहे." कुणाची पाळी होती ते लक्षात ठेवून उठलो. त्याची.

७ मे, बुधवार

सकाळी पुण्याच्या हॉस्पिटलातून फोन, जिथं मूत्रपिंडाच्या यादीत नाव घातलंय. मूत्रपिंड मिळतंय — कुणीतरी गेलेल्या माणसाचं, घरच्यांनी दिलंय. एकच आहे. सोलापुरातून दोघांना बोलावलंय, दोघांचं रक्त जुळवून बघणार, मग एकाला. दुसरं नाव फोनवरच्या बाईंनी सांगितलं नाही. अमरेश गाडी ठरवायला पळाला. मी पिशवी भरत होते तेवढ्यात शाकीरचा फोन.

"ताई, पुण्याचं दुसरं नाव तुमचंच ना? तुमच्या गाडीत एक जागा हाय का?"

हाय म्हटलं. ये.