जाहिरातींसकट

माय, मावशी बोलली. आज दुपारी, अकोल्याच्या दवाखान्यात, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी बोलली. माझ्याशी नाही, शेजारच्या खाटेवरच्या बाईशी भांडायला. कोणाला सांगू आणि कोणाला नको असं झालं मला. बायकोला फोन लावला, तर म्हणते, "अहो, हे तुम्ही मघापासून चौथ्यांदा सांगून राहिले." म्हणून अमरावतीला परत आलो तसा दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तुलाच लिहायला बसलो.

तुझी ही धाकटी बहीण फुलांच्या मळ्यात पाटाच्या कडेला घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन चांगलं झालं, पण त्यानंतर तिनं तोंडच मिटलं. वॉकर समोर ठेवला की भिंतीकडे मान. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "आजी आत्ता उभ्या राहिल्या नाहीत तर मग खाटेवरच राहतील." फुलबाजारात जिच्या आवाजाला अडते दबकायचे, ती ही मावशी! मी म्हटलं, हिला हिची रोजची मालिका दाखवून पाहू. वॉर्डात टीव्ही नाही, मोबाईलला रेंज नाही. पण टीव्ही-डिशची दुरुस्ती हा आपला धंदाच. संध्याकाळी मालिका लागली की दुकानात रेकॉर्ड करायची, टॅबमध्ये घ्यायची आणि सकाळच्या गाडीनं अकोला गाठायचं. पहिल्या दिवशी मी हुशारी केली, जाहिराती सगळ्या कापून अगदी स्वच्छ भाग नेला. मावशीनं पाहिला. शेजारच्या बाईनंही मान लांब करून पाहिला. संपला तशी मावशीनं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

परतीच्या गाडीत बडनेरा यायच्या आत मला तुझी बोलणी आठवली. मी तेव्हा पोरगा, भंगारातून व्हीसीआर आणून दुरुस्त केलाय. तिवशाच्या आपल्या घरी मालिका टेप केलीय, जाहिरात आली की बटण दाबून थांबवत, श्वास रोखून. चांदूर बाजारच्या पुढे मावशीच्या गावात टीव्ही आहे, पण अँटेना कितीही फिरवा, पडद्यावर नुसत्या मुंग्या. म्हणून तू, मी आणि माझ्या मांडीवर व्हीसीआर, असे एसटीनं निघालोय. मावशीच्या ओसरीत बाया जमल्यात, पुढ्यात झेंडूची सुपं, हातात सुई-दोरा. मालिका सरसर पळते आणि संपते. बाया माना खाली घालून पुन्हा सुईला लागतात.

"जाहिराती कुठी गेल्या रे?" तू विचारतेस.

"कापल्या!" मी छाती फुगवून सांगतो.

"लय शाना झाला! थ्या सुनंनं घर सोडलं, थे बरं केलं का वाईट, हे बायांनं बोलावं कवा मंग? आन चुलीवरच्या भाजीत पानी कोन टाकन, तुहा व्हीसीआर?"

बाया हसल्या, सगळ्यात मोठ्यानं मावशी. मला तेव्हा राग आला होता. पण गिऱ्हाईक काय पाहतं यापेक्षा मधल्या वेळात काय बोलतं ते ऐकावं, हे मी त्या ओसरीत शिकलो, आणि त्यावरच हे दुकान उभं आहे.

म्हणून आज सगळं जसंच्या तसं नेलं. साबण, मसाला, गुडघ्याचं तेल, काही सोडलं नाही. पहिल्या जाहिरातीला शेजारची बाई म्हणाली, "सासूचंच खरं हाय वो." मावशीच्या भुवया हलल्या. दुसऱ्या जाहिरातीला ती म्हणाली, "सूनच लबाड हाय." आणि मावशी फुटलीच!

"काहाची लबाड? थ्या सासूले आठ दिस चूल फुकाले लावा, मंग समजन!"

नर्स हातातली सुई तशीच धरून उभी. चालत्या-फिरत्या बाया गोळा झाल्या. मी संधी साधली. टॅब उचलला आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला.

"इकडं आन थे," मावशी ओरडली.

"इथं उजेड बरा पडते, मावशी. खुर्ची हाय, ये."

"तुह्या मायसारखाच बदमाश हायेस तू!" असं म्हणत तिनं वॉकर ओढला. नर्सनं मागून धरलं. माय, ती उभी राहिली! कण्हत, मला शिव्या देत, थांबत थांबत, पण तिसऱ्या जाहिरातीच्या आत खुर्चीत जाऊन बसली आणि वळून त्या बाईला म्हणाली, "हं, आता बोल."

डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर लवकर घरी सोडू. मी पेढे वाटले. पुढचा भाग आत्ता इथे शेजारीच रेकॉर्ड होतोय, एक कान तिकडे आहे माझा.

तू गेल्यावर हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून एवढं तुलाच सांगून ठेवतो. मालिकेत काय चाललंय ते मला काही माहीत नाही. मी पडद्याकडे पाठ करून मावशीलाच ऐकत उभा होतो. मावशी चिडली की तिचा आवाज थेट तुझ्यासारखा निघतो, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. निघताना मी तिला सांगितलं, तुझ्या घरची डिश बिघडली आहे, पार्ट यायला महिना लागेल, तोवर मीच रोजचा भाग घेऊन येत जाईन. डिशला काही झालेलं नाही.