थांबा म्हटलं की थांबायचं

तीर्थस्वरूप दाजी यांस,

गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे साष्टांगातलं ते एक अंग वगळून उरलेल्या सातांचा नमस्कार. तुमची साखर कशी आहे? ताईचा खांदा कसा आहे? आणि तुमचा गॅस? (घराबाहेर पडण्याआधी त्याचं बटण अजून तीनतीनदा तपासता ना? कुलूप लावल्यावर अर्ध्या जिन्यातून परत वर जाऊन ओढून बघता ना? मी उभा जन्म कुलपं बनवण्यात घालवला, पण कुलपावर तुमच्याइतका अविश्वास असलेलं गिऱ्हाईक पाहिलं नाही. चारचौघांत मी यावरून तुमची टिंगल करतो, असं ताई म्हणते. ते कौतुकच असतं, मांडायची पद्धत तेवढी वेगळी.) पत्रास विशेष कारण नाही. सहज लिहितोय.

तर आमच्या नातीला, म्हणजे ठिणगीला, नेमबाजी शिकायची आहे. ती जिथे पोहायला जाते त्या तलावाला लागून एक लांबोडकी खोली आहे. तिथे मुलं छर्ऱ्याच्या बंदुकीने कागदावर नेम धरतात. ही कार्टी रोज पाण्यात पाय बुडवल्यासारखं करते आणि तिथल्या काचेला नाक लावून उभी राहते. सूनबाईंनी बंदूक हा शब्द ऐकला मात्र, कुकरच्या आधी त्यांचीच शिटी झाली. (त्या रुग्णालयात परिचारिका. लोकांना पडलेली भोकं बुजवण्यात दिवस जातो, तेव्हा नवी पाडायच्या शिकवणीला विरोध असणारच.) पण बाई न्यायी. स्वतः जाऊन तासभर बघून आल्या, आणि परवानगी दिली ती तिथली अट पाळायच्या बोलीवर. घरातल्या एका मोठ्या माणसाने आधी तिथला सुरक्षिततेचा वर्ग पास व्हायचं आणि दर रविवारी पोरीच्या मागे बसायचं. तसं माणूस मिळालं नाही तर तिची जागा दुसऱ्या मुलाला. सूनबाईंना रविवारी ड्यूटी, चिरंजीव कायम फिरतीवर. तुमच्या सलजबाईंना, म्हणजे आमच्या हिला, विचारलं, तर म्हणाल्या, मी बंदूक हातात घेतली तर कागदावर धरणार नाही, आणि कुठे धरीन ते यांना ठाऊक आहे. उरलो मी.

तिथल्या मॅडम काडीसारख्या बारीक, आणि आवाज इतका हळू की ऐकायला आपणच गप्प बसावं. पोरांच्या हातात बंदूक देतील तर शपथ. आधी नुसते नियम. बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. नळी समोरच्या भिंतीकडेच. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. आणि कोणीही, अगदी सगळ्यांत लहान मुलानेही, थांबा म्हटलं की सगळ्यांनी बंदूक खाली ठेवून मागे सरकायचं, का ते नंतर विचारायचं. पोरं हे पाढ्यांसारखं म्हणत होती. मला वाटलं, हे म्हणजे पोहायला शिकवायच्या आधी महिनाभर टॉवेल वाळत घालायला शिकवण्यासारखं झालं.

मग माझी परीक्षा आली. हातात बंदूक दिली, कानांवर वाट्यांसारखी झाकणं चढवली. आता दाजी, माझा सगळा संसार कानांवर उभा आहे हे तुम्ही जाणता. फुटपाथवर किल्ल्या घासत होतो तेव्हापासून कुलपातला खटका नीट पडला की नाही हे मी नुसतं ऐकून सांगतो. (भिंतीपलीकडची कुजबुज हा जोडधंदा.) झाकणं चढली आणि जग एकदम मुकं झालं. जीव कासावीस झाला हो. म्हणून एक झाकण अगदी बोटभर सरकवलं, आणि मागच्या बाकावरची एक बाई शेजारणीला सांगताना ऐकू आली, तो बघ कुलूपवाला, त्याचं कुलूप आहे आमच्याकडे, केसाच्या आकड्याने उघडतं. तुम्हीच सांगा, कोणता कारखानदार गप्प बसेल? मी उत्तर द्यायला वळलो. पण अख्खाच वळलो, बंदुकीसकट. (बंदूक रिकामी होती आणि बोट चापाबाहेर होतं. हे मी नंतर भेटेल त्याला सांगितलं.) तेवढ्यात ठिणगीचा आवाज आला, थांबा. मी जागच्या जागी गोठलो. ओळीतल्या पोरांनी बंदुका खाली ठेवल्या, मॅडमनी माझी नळी अलगद भिंतीकडे वळवली, दारातल्या चहावाल्याने ट्रेसुद्धा जमिनीवर टेकवला. मी म्हटलं, अहो, रिकामी होती. मॅडम म्हणाल्या, "ते तुम्हाला माहीत होतं. त्या बाईंना नव्हतं." त्या बाई तेव्हा बाकाखाली होत्या.

नापास.

गाडीत ठिणगी माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. सिग्नलला थांबलो तेव्हा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "आजोबा, माझी जागा गेली ना?" दाजी, मी मोठमोठ्या व्यापाऱ्यांना शब्दांत गुंडाळून घरी पाठवलेला माणूस, पण तिच्या बाजूची काच नुसती वर-खाली करत बसलो. सिग्नल हिरवा होऊन मागचे कोकलायला लागले तरी करतच होतो.

घरी मात्र त्या नियमाने धुमाकूळ घातला आहे. ठिणगी थांबा म्हणते आणि चिरंजीव जेवताना मोबाइल खाली ठेवतात. धाकट्या नातवाने कारल्याची भाजी वाढताना थांबा म्हणून बघितलं (ते फेटाळण्यात आलं). काल मी तुमच्या सलजबाईंना धंद्यात मी कसा वर आलो ते सांगत होतो, पायथ्याशीच होतो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, थांबा. मी तोंड मिटून मागे सरकलो. चाळीस वर्षांत हे हत्यार त्यांच्या हाती लागलं नव्हतं.

बाकी सर्व ठीक. ताईला नमस्कार सांगा, खांद्याला जप म्हणावं.

आपला,
कुलूपवाला

ता. क. पत्रास कारण नाही असं वर लिहिलंय खरं. आता वाचताना एक छोटंसं सापडलं. घरातलं दुसरं कोणी मोठं माणूस चालेल असं मॅडम म्हणाल्या. मी त्यांना तुमच्या गॅसबद्दल आणि जिन्याबद्दल सांगितलं. (या वेळी हसलो नाही.) त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, असा माणूस खरंच आहे? तर दाजी, येत्या रविवारच्या आत या. मुक्काम तीन महिने. आमचा गॅस वाटेल तितक्यांदा बंद करा.

ता. ता. क. ते कुलूप मी मागवून घेतलं. केसाच्या आकड्याने उघडतं. खटका बदलतोय. त्या बाईंना नवं कुलूप नेऊन दिलं, तर त्या मला बघून आधी दाराआड झाल्या.

आणखी एक. ठिणगीने पत्र वाचलं आणि म्हणाली, एक गोष्ट लिहायची राहिली, मी थांबा म्हटल्यावर आजोबा लगेच थांबले. तिने हेच मॅडमनाही जाऊन सांगितलं, म्हणून त्यांनी मला पोरांच्या पहिल्या वर्गात घेतलं आहे, दोन आठ वर्षांच्या गड्यांमध्ये, बुटक्या स्टुलावर. पण तिथला नियम आहे, शिकाऊ माणसामागे घरचं जबाबदार माणूस बसलेलं हवं. तेव्हा दाजी, तुमच्या पुढ्यात मुलं दोन असतील. ठिणगीची काळजी नाही. दुसऱ्याच्या कानांवरचं झाकण मात्र अधूनमधून ओढून बघत जा.