चादरीचं दुसरं टोक

नांदेड,
ता. १४ ऑक्टोबर २०२४

चि. शिलास यास आक्काचा सलाम व आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आवाज चढला असता, म्हणून कागद घेतला. आठ नोव्हेंबरला, आईच्या वाढदिवशी, तुझ्या घरी उपकारस्तुतीची भक्ती आहे आणि पहिली प्रार्थना नेहमीप्रमाणे मीच करायची, असं तू कळवलंस. मी येणार नाही.

कारण लपवत नाही. आईच्या स्मरणभक्तीत तू उभा राहून सगळ्यांचे आभार मानलेस. पाळकसाहेबांचे, डॉक्टरांचे, गीतं गाणाऱ्यांचे, पार मांडववाल्याचेसुद्धा. माझं नाव नव्हतं. मी पहिल्या बाकावर ऐकत होते. एकोणीस महिने आई अर्धांगानं पडून होती. रोज सकाळी चादरीला धरून तिची कूस बदलायची, पाठ पुसायची, अंथरूण बदलायचं, सारं मी एकटीनं केलं. रोजनिशीत तारीखवार आहे.

हे लिहिताना लाज वाटते. सेवा केली म्हणायचं आणि पावती मागायची. पण लाजही दुरूनच वाटते. आई गेल्यापासून काही आतपर्यंत पोचत नाही. चर्चमध्ये नुसते ओठ हलतात. देवाकडे तक्रार करते, तीही सवयीनं. अशा तोंडानं उपकारस्तुती कशी करू?

मुलांना पापे. लोभ आटला असं समजू नकोस, रुसलाय एवढंच.

तुझी,
एस्तेर आक्का


लातूर,
ता. २० ऑक्टोबर २०२४

ती. आक्कास शिलासचा सलाम. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. सबब शोधली, सापडली नाही. विसरलो. मांडववाला समोर उभा होता म्हणून आठवला, तू घरचीच म्हणून राहिलीस. माफ कर.

तुझी भावजय म्हणते, आक्का आल्या न्हाईत तर पहिली प्रार्थना तुम्हालाच करावी लागंल, आणि तुमची प्रार्थना म्हंजे भाजी करपेस्तोवर. तेव्हा ये बाई.

एक विचारायचंय. या वेळी कुणी सुटू नये म्हणून नावं कागदावर उतरवून ठेवतोय. मी रविवारी यायचो तेव्हा चादरीचं एक टोक तू धरायचीस, एक मी. एकट्यानं आई हलत नसे. मग बाकीच्या दिवशी दुसरं टोक कोण धरायचं? नाव कळव.

तुझ्या येण्याकडे डोळे लावून आहे. रागावलीस तरी लोभ ठेव.

तुझा,
शिलास


नांदेड,
ता. २७ ऑक्टोबर २०२४

चि. शिलास यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू विचारलंस ते नाव हाजराबी. समोरच्या घरातल्या. सकाळची नमाज आटोपून यायच्या, टोक धरायच्या, चहाही न घेता जायच्या. रविवारी तू आलेला दिसलास की यायच्या नाहीत. तुझं पत्र वाचून रोजनिशी उघडली. एकोणीस महिन्यांत त्यांचं नाव एकदाही नाही. पानापानावर नुसतं 'आईची कूस बदलली.'

काल त्यांच्याकडे गेले. गोधडीला टाके घालत बसल्या होत्या. मी पाठ केल्यासारखे आभार मानले. त्या म्हणाल्या, लई लवकर आलीस. मग मान वर न करता म्हणाल्या, त्यांचं तर रोजच्या रोज फिटत होतं. कूस बदलून झाली की आई त्यांचा हात दाबायची.

मला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, विचारायला नको होतं, की मग माझा हात तिनं एकदाही का दाबला नाही. त्यांची सुई थांबली.

"तुझ्याकडं लुळी बाजू व्हती गं. त्या हातानं कसं दाबंल ती?"

ती बाजू मीच मागून घेतली होती, शिलास. जपून धरावी लागायची म्हणून.

रडू आलं नाही. घरी येऊन रिकाम्या खाटेशी, माझ्या बाजूला, उभी राहिले. आईबद्दल आणि हाजराबींबद्दल देवाचे आभार मानले. शब्द कोरडेच होते, तरी ते शेवटपर्यंत म्हटले. रोजनिशीत स्मरणभक्तीच्या तारखेला 'शिलास विसरला' असं लिहिलेलं आहे. ते खोडलं नाही. त्याखाली 'मीही' लिहिलं.

आठ तारखेला येते. हाजराबींनाही विचारलं, पण गुडघ्यांमुळे बसचा प्रवास झेपत नाही म्हणाल्या. त्यांचं नाव तू तुझ्या कागदावर लिहू नकोस. ते पहिल्या प्रार्थनेत मी घेणार आहे. भावजयीला सांग, भाजी मंद आचेवर ठेव.

लोभ आहे तसा असू दे.

तुझी,
आक्का