शहरातल्या शहरात युरोप

३ मार्च, सकाळी ७
ठरलं! वीस तारखेला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. बायकोला युरोप बघायचंय, हे ती चोवीस वर्षं सांगतेय. दाखवू. विमानाचं मला काही नाही, फक्त कान दुखतात. (अजून बसलेलो नाही, पण दुखणार.) शिवाय युरोप इथंच आहे. गाद्यांच्या दुकानाच्या गच्चीवर आयफेल टॉवर, गाड्या धुण्याच्या सेंटरमागे रोमचं कलोसियम, मुलांच्या बागेत पिसाचा कलता मनोरा. कुणाला पत्ता नाही. मला आहे. सरप्राइज!

५ मार्च
पाहणी केली. टॉवरवर गादीचा बोर्ड लटकतोय; डावीकडून बघितलं तर दिसत नाही. कलोसियममध्ये जुने टायर. प्राचीन वाटतं.

६ मार्च
मेव्हणीचा फोन. मे महिन्यात टूरबरोबर युरोपला चाललीय. बायकोला म्हणाली, तूही चल. बायको म्हणाली, ह्यांना सोडून कशी येऊ? मी म्हणालो, वीस तारखेपर्यंत दम धर. मनातल्या मनात हसलो.

९ मार्च
मनोऱ्याचे पोपडे निघालेत. उद्यान खात्याला अर्ज दिला: "सदर मनोऱ्याची दुरुस्ती करून तो सुस्थितीत आणावा." तीन प्रती. तीस वर्षं सरकारी टेबलावर अर्ज निकाली काढलेत. मला कुणी शिकवू नये.

१४ मार्च
मनोऱ्याला परांची बांधली! पाच दिवसांत! माझ्या सहीला अजून वजन आहे.

२० मार्च, संध्याकाळी
गच्चीवर सोडण्याआधी दुकानदार म्हणाला, गादी तरी बघा. बायको आडवी झाली ती अर्धा तास. उठून म्हणाली, युरोप बरा आहे. कलोसियमवाल्याने विचारलं, गाडी कुठाय? आम्ही बसने गेलो होतो.
मग बाग. मनोरा सरळ. ओळंब्यात. वर गुलाबी रंग. मुकादम अभिमानाने म्हणाला, एका बाजूला कलला होता साहेब, कुणीतरी जागरूक नागरिकाने अर्ज केला म्हणून बरं. आणि अर्ज दाखवला. बायकोने सही वाचली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने हळूच विचारलं, तुम्हाला विमानाची भीती वाटते का? मी म्हणालो, छे, कान.

२१ मार्च
बायकोने मेव्हणीला हो म्हणून सांगितलं. मी परवानगी दिली. मागितली नव्हती, तरी दिली.

४ मे
ती गेली. घर शांत. वाचनाला उत्तम. वाचलं नाही.

११ मे
तिचा फोन. कुठल्याशा नदीत बोटीवर होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी एकदम सांगून टाकलं, विमानाची भीती वाटते मला, पहिल्यापासून वाटते. ती म्हणाली, एवढंच आधी बोलला असतात, तर सगळा प्रवासभर तुमचा हात धरून बसले असते.
तेवढ्यात मेव्हणीने हाक मारली. फोटो काढायचा होता. ती गेली.