पुसून झालं की बसतो

२ जानेवारी
साखर पुन्हा वाढली. ज्या माणसाने जन्मात दुसऱ्याचा चमचा तोंडात घातला नाही, त्याच्या रक्तात ही घाण! डॉक्टरांना म्हटलं, लॅब स्वच्छ होती का ते आधी बघा. ते म्हणाले, लॅब स्वच्छ आहे, रिपोर्ट खराब आहे. गोळ्यांना दाद देत नाही म्हणे. एप्रिलच्या सुरुवातीला परत तपासणी. तोवर गोड पूर्ण बंद आणि रोज तासभर घाम येईल असा व्यायाम. तरी उतरली नाही तर इन्शुलिन. म्हणजे सुई. रोज. पोटात.
सुईची मला भीती नाही, शिसारी आहे. मागे ऑफिसात लस टोचली तेव्हा मी आडवा झालो होतो, तो त्या नर्सची नखं बघून.
गेलो होतो खरं तर बायकोचा गुडघा दाखवायला. तिलाही व्यायामच सांगितला. कोपऱ्यावरच्या जिममध्ये नाव घालू, असं मी सुचवलं. ती म्हणते, गेलं वर्षभर तीच सुचवत होती. असेल. निर्णय माझा.

४ जानेवारी, सकाळी
आज सुरुवात. हिला म्हटलं, मी बरोबर आहे, घाबरू नकोस. ती बूट घालून खाली पोचलीसुद्धा होती.

४ जानेवारी, संध्याकाळी
दोनदा अंघोळ केली. वास जात नाही.
गेली कित्येक वर्षं मी हॉटेलांची स्वयंपाकघरं तपासतोय. बोट फिरवायचं, बोट बघायचं, शेरा लिहायचा. उंदीर बघितलेत, झुरळं बघितलीत, एकदा पिठात बनियन बघितलाय. पण इतकी किळस कधी आली नव्हती. दार उघडल्याबरोबर ओल्या मोज्यांचा भपकारा. दांडे चिकट. एका बाकावर कुणाच्या तरी पाठीचा घामाचा ठसा, मणक्यासकट. कोच म्हणाला, सर, बसा. मी म्हटलं, कुणावर?
कोच म्हणजे मान नसलेला एक तरुण. मान होती, ती खांद्यांत गेली. माणूस नम्र आहे. मी कुठल्या खात्यातला ते सांगितल्यावर आणखी नम्र झाला.
वजनांच्या बाजूला एक जण बैलासारखा हंबरत होता. त्याचं नाव मी हंबरराव ठेवलं. बेकरी चालवतो म्हणे. त्या हातांनी पीठ मळतो! पाव सोडला.
सायकलवर एक निवृत्त हेडमास्तर. पेडल मारतात कमी, बोलतात जास्त. मध्येच नाक पुसतात आणि त्याच हाताने हँडल धरतात. विद्यार्थ्यांचं काय झालं असेल!
ही मात्र सरळ त्या ठसेवाल्या बाकावर जाऊन बसली. म्हणाली, घामच आहे, ॲसिड नाही. तीस वर्षांपूर्वी हे वाक्य ऐकलं असतं तर मी लग्नाचा फेरविचार केला असता.
मी आज नुसतं निरीक्षण केलं. पाया पक्का हवा.

५ जानेवारी
तयारीनिशी गेलो. हातमोजे, फवाऱ्याची बाटली, सुती फडकी. बसायचं असेल तर आधी पुसायचं, साधी गोष्ट. ट्रेडमिल पुसली. मग लक्षात आलं, शेजारच्या ट्रेडमिलवरची घाण उडून हिच्यावर येणार. तीही पुसली. मग सायकल. मग दांडे. मग वेळ संपली.
पण घाम आला. डॉक्टरांची अट घामाची होती. याला वॉर्मअप म्हणतात. उद्यापासून प्रत्यक्ष व्यायाम.

६ जानेवारी
काल पुसलेलं सगळं परत घाण. उद्यापासून.

११ जानेवारी
कोचला शेरे दिले. तोंडी, सौम्य शब्दांत. आरशांवर बोटांचे ठसे, गादीखाली केस, पाण्याच्या नळाला तोंड लावणारे सभ्य गृहस्थ. तो म्हणाला, सर, तुम्ही म्हणाल तसं. इतका ऐकणारा माणूस आमच्या ऑफिसात एक नाही. त्याने मला गोदामातला मोठा मॉपही दाखवला. विश्वास असल्याशिवाय कोणी मॉप दाखवत नाही.
मी काही सफाई करत नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो. मी अधिकारी आहे. आम्ही दाखवायचं, पुसायचं इतरांनी. पण इतरांचं पुसणं मी बघितलंय. घाण एका जागेवरून दुसऱ्या जागी नेऊन ठेवतात.
ही तोंडावर पदर धरून हसली. म्हणाली, घरात कधी कप विसळला नाहीत. घरातला कप माझा स्वतःचा असतो. मुद्दाच तिला कळत नाही.

१९ जानेवारी
हंबरराव आपण होऊन बोलायला आला. माझ्यामुळे बाक आता कोरडा मिळतो म्हणाला, आणि पिशवीतून क्रीमरोल काढून दिला. बेकरीत ओणवं राहून त्याची पाठ कामातून गेली होती, इथे येऊन सरळ झाली. मला त्याच्या पाठीत रस नव्हता. तिचा ठसा मी रोज बघतो.
क्रीमरोल घ्यायचा नव्हता. पण तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणा. हातमोजे काढले, हात धुतले, खाल्ला. पुसण्यात जेवढं जळतं त्यापुढे एक क्रीमरोल म्हणजे काहीच नाही. बेकरी मात्र स्वच्छ असावी, चवीवरून कळतं.

२० जानेवारी
क्रीमरोल. शेवटचा.

२४ जानेवारी
हंबररावला वाईट वाटेल म्हणून.

२ फेब्रुवारी
कोच मला ‘काका’ म्हणू लागला. आधी ‘सर’ म्हणायचा. जवळीक वाढली की असं होतं.
हिने आज वजन उचललं. खरं, लोखंडाचं. कोच शेजारी उभा, हेडमास्तर सायकल थांबवून मोजतायत, हंबरराव तिच्या वतीने हंबरतोय. घरी येताना ती जिना न थांबता चढली. मी मधल्या मजल्यावर थांबलो, कठडा किती मळलाय ते बघायला.
हेडमास्तरांबद्दल ती सांगत होती. बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नाही, म्हणून येतात. तासभर सायकल मारून कुठे पोचत नाहीत, पण घरी गेल्यावर झोप लागते म्हणे. मी म्हटलं, बोला म्हणावं, पण रुमाल आणा. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचं असं बघणं मला आवडत नाही.

९ फेब्रुवारी
झाडूपोछा करणाऱ्या मावशी दिसेनाशा झाल्या. कोचला विचारलं तर म्हणाला, त्यांना दुसऱ्या शाखेत पाठवलं, इथे आता सोय झाली आहे. माझ्या शेऱ्यांचाच परिणाम.

१६ फेब्रुवारी
लोक आता आपण होऊन लक्षात आणून देतात. काका, इथे जरा ओलं आहे. काका, त्या कोपऱ्यात बघा. एकाने हाक मारून बोटाने नुसतं दाखवलं, आणि मी गेलो. ऑफिसात शेरे लिहून लिहून शाई संपली, कोणी ढुंकून बघितलं नाही. इथे माझ्यावाचून पान हलत नाही.
व्यायाम राहिलाय. पण एप्रिल लांब आहे.
एकाने आपला ओला टॉवेल माझ्या हातात दिला आणि निघून गेला. विसराळू असतात लोक. टॉवेल धुऊन वाळत घातला.

१ मार्च
पट्टा एक भोक पुढे सरकला. पोट उतरलं असेल अशी मला आशा होती, पण भोक सैल बाजूचं आहे. स्नायू वाढले की घेर वाढतो.

८ मार्च
आज हिने जेवताना ताट बाजूला सारलं. दोन महिने ती याबद्दल बोलली नव्हती, आज बोलली.
“अहो, एकदा तरी त्या मशीनवर बसा. पुसायला नाही. बसायला.”
मी म्हटलं, पुसून झालं की बसतोच.
“ते कधी होतच नाही. आणि त्या क्रीमरोलचं मला कळत नाही असं समजू नका, शर्टावर साखर असते. सुई लागली तर तुम्ही स्वतःची स्वतः टोचून घेणार आहात का? मला टोचावी लागेल. माझा हात थरथरेल हो. मला तुम्हाला टोचायचं नाही.”
एवढं बोलून ती भांडी घासायला गेली. मी टेबल पुसलं. मग तेच टेबल परत पुसलं. वाईट वाटलं. तिचा गुडघा बरा झालाय आणि तरी ती अजून कशाला तरी घाबरते, हे मला माहीत नव्हतं.
उद्या बसणार. पुसल्याशिवाय. हे पक्कं.

९ मार्च
बसलो नाही, कारण चढलो. ट्रेडमिलवर. न पुसता. फक्त दांडे पुसले.
बटण दाबलं. पट्टा सरकला. मीही सरकलो. समोर आरशात एक गृहस्थ चालत होता, पोट पुढे, खांद्यावर फडकं. फडकं काढायचं राहून गेलं होतं. पण चालत होता. ही पलीकडे होती, तिने वजन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून हसली. बऱ्याच दिवसांत तशी हसली नव्हती. मला वाटलं, एवढंच होतं होय? घाणीकडे लक्षच गेलं नाही. चालतच राहावंसं वाटलं.
तेवढ्यात एक नवी बाई आली. बँकेतली कॅशियर. नोटा मोजताना बोटाला थुंकी लावते, मी काउंटरवर स्वतः पाहिलंय. माझ्या शेजारी येऊन थांबली. कंटाळलेली दिसली. अगदी सभ्यपणे म्हणाली,
“काका, पुसून झालं असेल तर मला द्या ना.”
मी उतरलो.
उतरायला नको होतं. मेंबर आहे मी, असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. पण ती मशीन थुंकीच्या बोटाने धरणार हे दिसत होतं, म्हणून मी दांडे परत पुसून दिले. ती थँक्यू म्हणाली. हिने सगळं पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यात हंबरराव होता. आज त्याने क्रीमरोल दिले नव्हते, मी मागितले. दोन.

१७ मार्च
परत चढलो नाही. पाय दुखतोय. नेमका कुठला ते ठरत नाही.

२९ मार्च
जिमच्या वर्धापनदिनानिमित्त भिंतीवर फोटो लावलेत. कोचने हाताला धरून नेलं. एका बाजूला मेंबरांचे, आधीचे आणि आत्ताचे. हिचा आहे. आधी गुडघा धरून, आत्ता वजन घेऊन. हंबररावचा पाठमोरा. हेडमास्तरांचा फक्त एकच, कारण त्यांच्यात फरक काही पडला नाही; पण फोटोत त्यांच्याभोवती चार जण आहेत आणि सगळे हसतायत.
माझा तिथे नव्हता. वेगळा होता, दाराजवळ, मोठ्या चौकटीत. म्हटलं, कदर आहे. चष्मा पुसून जवळ गेलो. वर लिहिलं होतं, ‘आमचा स्टाफ’. पहिला कोच. त्याच्याखाली मी, वाकलेला, हातात फडकं. ‘काका – सफाई’.
कोच म्हणाला, काका, तुमच्यासारखा माणूस मिळायला भाग्य लागतं, आणि मला जिमची दुसरी किल्ली दिली. सकाळी लवकर उघडून पुसून ठेवलं तर बरं पडेल म्हणाला.
चौकटीच्या काचेवर कोणाच्या तरी बोटाचा ठसा होता. तो पुसला आणि घरी आलो.
किल्ली घेतली. नाही म्हणणं उद्धटपणा.

३ एप्रिल
तपासणी. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटा करून बघितला, परत सुलटा केला. मला विचारलं, व्यायाम करता ना? मी म्हटलं, रोज, एक दिवस चुकवला नाही. घाम येतो? येतो. गोड? सोडलं. ही माझ्या शर्टाकडे बघत होती. मीच खाली बघितलं.
तिचा गुडघा उत्तम आहे. मला कागद लिहून दिला.

४ एप्रिल
सकाळी सहाला जिम उघडून, पुसून आलो. मग अंघोळ.
हिने सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. मी म्हटलं, तुझे हात? धुतलेत म्हणाली. नखं? कापलीत. सुई नवी? पाकीट माझ्यासमोर फोडलं. एकाही गोष्टीवर शेरा मारता येईना. तिचा हात थरथरत नव्हता. तीन महिने लोखंड उचलून तो असा स्थिर झालाय की टेबल हलेल, हात हलणार नाही. डोळ्यांत मात्र पाणी होतं. ते तिने दंडाला पुसलं, हात खराब होऊ नये म्हणून. माझ्याकडूनच शिकली असणार.
टोचायची जागा मी स्वतः पुसेन, असं मी आधीच सांगितलं होतं. कापूस घेतला. पुसली. नीट पुसली गेली असं वाटेना. परत पुसली. ती सुई धरून शेजारी उभी. नवा कापूस घेतला.
“झालं का पुसून?” तिने विचारलं.
मी आणखी एकदा पुसलं, आणि म्हणालो, झालं.