तिसरा मजला, लिफ्ट नाही

९ नोव्हेंबर, रविवार
खामल्याचा फ्लॅट पाहिला. आतापर्यंतचा सातवा. बिल्डिंग तीसेक वर्षांची, तीन मजली, लिफ्ट नाही. फ्लॅट सगळ्यात वर. हॉल, किचन, एक बेडरूम. ठिपक्यांची जुनी फरशी, पण एकही फुटलेली नाही. बाथरूमच्या भिंतीला ओल.
विकणाऱ्या वैद्य काकू. पोस्टातून रिटायर, एकट्याच. मुलगा श्रीकांत हैदराबादला, तो आता तिकडे नेतो म्हणतो. गुडघे गेलेत, चार महिने खाली उतरल्याच नाहीत. भाजीवाला खालून आवाज देतो, काकू हॉलच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडतात. माझ्यासमोरच मेथीच्या दोन जुड्या वर ओढल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू दे, तुझ्यानं सांडेल."
दलाल घाई करत होता. माझा पाय निघेना. अठरा वर्षं नागपुरात, पाच खोल्या बदलल्या. सगळीकडे साधा खिळा ठोकायचा तरी विचारून.

११ नोव्हेंबर, मंगळवार
कोर्टात दिवसभर वाटणीचा दावा. दोन भाऊ, एक जिना. जजसाहेब सांगतात, मी टाइप करते. साक्षीदाराला विचारलं जिना कोणाचा, तो म्हणाला, "चढते त्याचा." साहेबही हसले, पण लिहून घेतलं नाही.
डबा खाताना काकूंच्या कागदांची झेरॉक्स वाचली. सेल डीड स्वच्छ, काकूंच्या एकटीच्या नावावर. इतकी वर्षं लोकांची भांडणं टाइप करून एवढं कळतं.
आईला फोन केला. फ्लॅट पाहिला म्हटलं. कितवा माळा ते सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
सावनेरहून दिलीपदादा आला. फ्लॅट दाखवला. दुसऱ्या मजल्यावरच थांबून कठड्याला धरलं. काकूंसमोर काही बोलला नाही. खाली आल्यावर सुरू.
"काय वं सुमे, हे काय घर पाह्यलं? आईले कसं चढवशीन इथं?"
आईचा विषय कुठून आला, मी विचारलं.
"कुठून म्हंजे? मले वाटलं तू आईचा इचार करूनच घर घेऊन राहिली. आमच्याकडं पोराचं लगन झालं, सून आली, दोन खोल्या. आई सैपाकघरात निजते. तुले दिसत नाही काय?"
दिसतं. दिवाळीत गेले तेव्हा दिसलं होतंच. मीही तिथेच, तिच्या बाजूला निजले होते.
चहा प्यायला. बसस्टँडवर सोडलं. जाताना म्हणाला, तळमजल्याचं पाहा एखादं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
कर्जासाठी बँकेचा माणूस मोजमाप करून गेला. किचनला लागून जी दुसरी गॅलरी होती, ती बंद करून ओटा वाढवलाय, ते मंजूर नकाशात नाही. तेवढी जागा बँक धरणार नाही. काकू म्हणाल्या, "ह्यांनी बंद केली. कबुतरं फार येत होती." जणू बँकेला कबुतरांचं कारण चालेल.
दलालानं मानेवाड्याचा एक तळमजला दाखवला. दिवसा लाइट लावावा लागतो. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, तिला हात लागतो. आईला बरं पडेल.
आता लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. खामल्याचं घर आवडलं त्यात आई तिथे चढू शकणार नाही, हेही होतं का? होतं. पहिल्याच दिवशी जिना चढताना मनात आलं होतं. मला एकटीचं घर पाहिजे. वाईट दिसतं लिहिलेलं. खोडत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
चौथा शनिवार, सुटी. ओल कुठून येते ते प्लंबरला दाखवायचं म्हणून अकराला गेले. बेल वाजवली. आतून आवाज, "दार उघडंच आहे, ये." काकू किचनमध्ये जमिनीवर. सकाळी आठपासून. स्टुलावरून डबा काढायला गेल्या. दूधवाला गेल्यावर दाराची कडी लावायची राहिली होती, म्हणून बरं.
डावा पाय हलवता येईना. मी अँब्युलन्स बोलावली. दोन माणसं आली, पण त्यांचं स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं. शेवटी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि काकूंना सतरंजीत घेतलं. ते दोघं, प्लंबर आणि दुसऱ्या मजल्यावरचे ठाकरे, चार कोपऱ्यांना चौघं. मी पुढे, उलटी चालत, काकूंचं डोकं धरून. प्रत्येक वळणावर सतरंजी कठड्यावरून उचलून घ्यावी लागली. एकदा ठाकऱ्यांचा हात सुटला, गुडघ्यावर पेललं त्यांनी, गुडघा दुखावला.
काकू ओरडल्या नाहीत. डोळे मिटलेले. पहिल्या मजल्यावर आल्यावर म्हणाल्या, "चार महिन्यांनी खाली आले गं."
मग गेटजवळ, "हा आंबा केवढा झाला!"
प्लंबर ओल न पाहताच गेला. मीही विसरले.

२४ नोव्हेंबर, सोमवार
खुब्याचं हाड. ऑपरेशन झालं. श्रीकांत विमानानं आला. पन्नाशीचा, डोळ्यांत झोप. माझे खूप आभार मानले. मग कॉरिडॉरमध्ये बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही घेणार आहात ना? मला लवकर निपटवायचंय. आई आता तिथं राहूच शकत नाही." पंधरा दिवसांत नक्की करा म्हणाला. दुसरं गिऱ्हाईक आहे, त्याला लिफ्ट नसली तरी चालते, भाड्यानं द्यायचंय त्याला.
किल्ली माझ्याकडेच आहे, शनिवारपासून. द्यायला गेले तर म्हणाला राहू द्या, तुळशीला पाणी घालाल का?
मी काही चुकीचं केलं नाही. तरी त्या बाईचं घर मी दबा धरून घेऊन राहिले असं वाटत होतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
तुळस. झाडू मारला. फ्रीजमधलं नासलेलं फेकलं. मग हॉलमध्ये खाली बसले. थंडीचं ऊन मांडीवर. तीस वर्षांनी मी एकाहत्तरची. मला खाली न्यायला चौघं कोण? ठाकरे तर तेव्हा नसतील.
ऑफिसला उशीर झाला.

३० नोव्हेंबर, रविवार
आई आली. न सांगता. दादाच्या सुनेनं बसमध्ये बसवून दिलं, बर्डीला उतरून ऑटो केला आणि थेट माझ्या खोलीवर. हातात पिशवी, पिशवीत हुरड्याची ज्वारी.
"चाल, दाखव तुहं घर."
माझं नाही अजून, म्हटलं. आणि तिसरा माळा आहे.
"दिलीपनं सांगतलं. चाल."
पायऱ्या चढताना मोजत होती. प्रत्येक वळणावर बसली, पदरानं तोंड पुसलं, उठली. मी हात दिला तर, "सोड, मले माह्या हिशेबानं चढू दे." चोपन्न पायऱ्या. मला इतक्या दिवसांत मोजायचं सुचलं नव्हतं. वर पोचायला पंचवीस मिनिटं लागली.
सगळं फिरून पाहिलं. नळ सोडून पाहिला. बेडरूमच्या खिडकीशी उभी राहिली. मग खाली बसली आणि म्हणाली, "दिलीप म्हन्ते सुमीकडं जा. तू काहीच म्हनत नाहीस. मले कोनी इचारलंच नाही."
मी तिच्यासमोर खाली बसले.
"मी काहून येऊ नागपुरात? दिवसभर तू कोरटात. मी इथं भिंती पाहू? तिथं चार बाया हायेत, दारात बसतो, भाजी निवडतो. सैपाकघरात निजते तं काय झालं, थंडीत उबारा राह्यते."
मग मी तिला सांगितलं. की मला तिसरा मजला आवडला, आणि काहून आवडला तेही. शब्द जुळत नव्हते, पण सांगितलं.
माझ्याकडे पाहिलं. रागावली असं वाटलं. म्हणाली, "मायच्या घरात तुही एकटीची खोली कधी झालीच नाही. चौघं एका खाटेवर." आणि मग, "पानी दे."
काकूंच्या घरातलं, काकूंच्या पेल्यातलं पाणी आम्ही दोघी प्यायलो. उतरताना तिला जास्त त्रास झाला. चार वाजताच्या बसमध्ये बसवलं. ज्वारी ठेवून गेली.

२ डिसेंबर, मंगळवार
दादाचा फोन. आई सांगते तू तिले घेणार नाही म्हणाली. मी म्हटलं, असं नाही म्हटलं. तो म्हणाला, मग कसं म्हटलं? मी म्हटलं, तू तिले इचार. फोन ठेवला त्यानं.
थोड्या वेळानं त्याचाच पुन्हा. "इचारलं. ती म्हन्ते मी कुठंच जात नाही." मग आवाज उतरला. "सुमे, मीच मागच्या अंगाले एक खोली काढतो. पत्र्याची का होईना." मी पत्रे देते म्हटलं. नको म्हणाला. मग हो म्हणाला.

५ डिसेंबर, शुक्रवार
संध्याकाळी हॉस्पिटल. श्रीकांत औषधं आणायला गेला होता, तेव्हा काकूंना सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला विकायचंय का?"
"हे मला तू विचारतेस, गिऱ्हाईक?" हसल्या. मग म्हणाल्या, "नाही विकायचं. पण मला कळतं की मी वर नाही जाऊ शकत. दोन्ही खरं आहे."
मी म्हटलं, मग मी नाही म्हणून टाकते.
"तू नाही म्हटलंस तर तो दुसरा घेईल, भाडेकरू भरेल त्यात. घे की तूच. पण एक कर. मला मार्चपर्यंत वेळ दे. वॉकर घेऊन, कशीही, एकदा वर जाऊ दे. माझं सामान मला माझ्या हातानं काढायचंय. श्रीकांत दोन दिवसांत सगळं भंगारवाल्याला देईल, वाईट नाही तो, पण देईल."
डॉक्टर म्हणतात जिना सहा महिने तरी नाही. हे काकूंना माहीत आहे का, कळलं नाही. मी विचारलं नाही.
श्रीकांत आला. त्याला मी मार्चचं बोलले. "आई ना..." म्हणून थांबला. सोमवारी सांगतो म्हणाला. मग मलाच म्हणाला, नाही, तुम्हीच सांगा सोमवारी, थांबायची तयारी असेल तर तुमच्या जोखमीवर. मधे आईचं काही झालं तर कागद पुन्हा पहिल्यापासून.
त्यात खोटं काहीच नाही. उद्या असा दावा माझ्याच टेबलावर आला तर त्या बाईला मी मनात येडी म्हणेन.

७ डिसेंबर, रविवार
दुपारी फ्लॅटवर गेले. काकूंचं स्वेटर आणि गरम मोजे न्यायचे होते. तुळशीला पाणी घातलं. कपाटात मोजे सापडेनात. सापडले तेव्हा बेल वाजली.
ठाकरे. अजून थोडे लंगडतात. माझ्याकडे पाहिलं, मागे घरात पाहिलं. "उद्या टाकी साफ करून राहिलो," म्हणाले. "सकाळपासून पाणी नाही येणार. आजच भरून ठेवा म्हणजे झालं."
हो म्हटलं. दार लावलं.
दोन्ही बादल्या भरल्या. टब भरला. किचनमधला पाण्याचा पितळी गुंड खाली घेतला, चिंचेनं घासला, भरला, झाकण ठेवलं. नळ बंद केल्यावर लक्षात आलं, उद्या इथे कोणीच नाही.
ओतून नाही दिलं. तसंच ठेवून आले.