म्हशीवरची चित्रा आणि आमचा रेडिओ

२९ सप्टेंबर १९७४, रविवार

रेडिओ आज तोंडघशी पडला! काल संध्याकाळी ती बाई किती गोड आवाजात म्हणाली — हवामान कोरडे राहील. म्हणून मी मूग अंगणात पसरले. दुपारी असा पाऊस आला की मी, माझ्या सासूबाई म्हणजे आत्याबाई नि कोंबड्या, सगळ्या एकाच वेळी मुगावर तुटून पडलो. कोंबड्यांना जास्त मिळाले.

मामा ओट्यावर बसून बघत होते. माझे सासरे. आमच्या निघोजे गावात कोंडीराम म्हटलं की कुणीही घर दाखवील. भिजल्या मुगांचं त्यांना काडीचं दुःख नाही. म्हणतात, "हत्ती चालू हाय, शालन. हत्ती काय तुझ्या रेडिओला इचारून सोंड उचलतो?" हस्त नक्षत्राला ते हत्तीच म्हणतात. जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली.

रेडिओ गेल्या दिवाळीच्या बोनसमधून आला. ह्यांनी आणला. ह्यांचं नाव इथं तरी लिहावं — जयसिंग. वहीला कुठं लाज! हे पिंपरीच्या कंपनीत आहेत. सायकलवर जातात, आणि ह्यांची शिफ्ट बदलली की सगळ्या घराची झोप बदलते. रेडिओ लावायचं काम माझं. घरात सातवी पास मी एकटीच ना!

१ ऑक्टोबर

गावात बालवाडी निघणार! सातवी झालेली बाई हवी आहे. दिवाळीनंतर चाकणला शिकायला जायचं, मग नेमणूक. ग्रामसेवकांनी आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाईंनी मला.

मला हवी ती बालवाडी. इतकी हवी की आज विचारात दोन भाकऱ्या करपल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "मला इचारशील तर आजच जा. पण मला कोण इचारतंय? त्यास्नी इचार."

त्यांना विचारायला मुहूर्त बघायला हवा. मूग भिजल्यापासून फार खुशीत आहेत, पण ती खुशी माझ्या फजितीचीच आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

कंपनीची आठवड्याची सुट्टी. म्हणून आज ओट्यावर सावडीची बैठक. भावकीतली पाच घरं बाजरी मिळून काढतात — सगळे मिळून आधी एकाच्या रानात, मग दुसऱ्याच्या. पूर्वी सोपं होतं. आभाळ बघायचं नि विळा उचलायचा. आता पाचही घरांतले गडी कंपनीत, आणि कंपनीला रजा आठवडाभर आधी सांगावी लागते! म्हणजे ऊन पडायच्या आधीच उन्हाची तारीख ठरवायची.

ज्योतीराम भावजी म्हणाले, "तात्या, तारीख सांगा." हे ह्यांचे चुलतभाऊ, कंपनीतच आहेत, तोंडाला अजिबात विश्रांती नाही.

मामांनी पंचांग उघडलं. त्यात दर नक्षत्राला एक वाहन असतं, त्यावरून ते पाऊस सांगतात. "हत्ती गेला की चित्रा. यंदा चित्रा म्हशीवर हाय. म्हैस पाण्यात बसल्याबिगर राहती व्हय? दसरा होऊ द्या."

"दसऱ्यापातूर पाखरं काय ठेवत्यात का तात्या? नुसती बिनकणसाची ताटं कापायची व्हय?"

वाद वाढला. मी दाराआड होते. कोण मला बोलायला सांगत होतं देव जाणे! म्हणाले, "तेरा तारखेपासून तीन दिवस ऊन आहे."

सगळ्या माना दाराकडं.

"कोण म्हणतं?" मामा.

"रेडिओ."

मामांच्या मिश्या थरथरल्या. आणि तोंड उघडलंच होतं, तर मी पुढचंही बोलून टाकलं — खरं झालं तर मला चाकणला पाठवाल का, बालवाडीचं शिकायला? ह्यांना चहाचा ठसका लागला.

मामांनी आधी पंचांग मिटलं. मग मोठ्यानं हसले. "जा! तीन दिवसांत टिपूस न्हाई पडला तर खुशाल जा. पडला, तर बालवाडीचं नाव या घरात काढायचं न्हाई. पाच घरं साक्षीला हायती!"

४ ऑक्टोबर

रात्री हे पाठ करून झोपले. सकाळी सायकलवर टांग टाकताना मात्र मागं बघून हसले. बास, तेवढं पुरे.

६ ऑक्टोबर

हे फक्त वहीला सांगते. रेडिओ दोन दिवसांपुरतंच सांगतो. तेरा तारखेबद्दल तो अवाक्षरही बोललेला नाही. ते मी बोलले! मागच्या दोन वर्षी घट बसायच्या आधी चांगलं ऊन होतं, एवढ्याच भांडवलावर.

पाच घरांची बाजरी माझ्या जिभेवर टांगली आहे. आज भाकरी अर्धीच टाकून उठले. आत्याबाई विचारतात, "बरं न्हाई का?" काय सांगू!

८ ऑक्टोबर

रजा मिळाली. सगळ्यांना! कारण काय दिलं, तर सासू आजारी. ही ज्योतीराम भावजींची अक्कल. आणि पाचही जणांनी तेच सांगितलं! म्हणे, "वेगवेगळ्या खात्यांत हाय आमी. कुणाला कळतंय, वहिनी?"

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. ह्यांची सासू म्हणजे माझी आई, चतुराबाई. ती रावेतला ठणठणीत आहे. वर तेराला आमच्याकडं काढणीला येणार आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार

"पुढील अठ्ठेचाळीस तासांत हवामान कोरडे राहील."

मी रेडिओला चक्क हात जोडले. मामा अंथरुणातून म्हणाले, "म्हैस अजून रवंथ करतीया."

१३ ऑक्टोबर, रविवार

ऊन! काय ते ऊन! विळ्याची मूठ हातात धरवत नव्हती. आई पहाटेच रावेतहून निघून आली, आल्या आल्या कासोटा खोचून कापणीच्या पातीला लागली. तरण्या गड्यांना मागं टाकलं तिनं. ज्योतीराम भावजी म्हणाले, "आजारी माणसानं एवढं काम करू नये, मावशी!" तिला काही कळेना. सांगितल्यावर त्यांच्यावर विळा घेऊनच धावली. हसून हसून बायका बांधावर बसल्या.

मामांनी पाचपन्नास वेळा वर बघितलं. आभाळ निळं. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती! चाकणला कुठलं लुगडं नेसायचं हेसुद्धा ठरवलं मी आज. निळं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

हात दुखतायत. पण लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

दुपारपर्यंत पाचही घरांची कणसं खुडून आमच्या खळ्यावर पसरली होती. वर्षाची भाकरी सगळी उघड्यावर. जेवणं झाली, आणि पांदीच्या वाटेनं फटफट करत स्कूटर आली. कंपनीच्या टाइम ऑफिसचे, हजेरी नि रजा बघणारे उद्धवराव! बरोबर पिशवीभर मोसंबी. पाच कामगारांच्या पाच सासवा एका वेळी आजारी म्हटल्यावर त्यांना वाटलं गावात साथ आली की काय. भला माणूस. रागावून आला असता तर परवडलं असतं.

समोरून आई डोक्यावर पाटी घेऊन आली. त्यांनी तिलाच विचारलं, "जयसिंगच्या सासूबाई कशा आहेत?"

"मीच ती. बरी हाय. जरा सरका, कणसं टाकू द्या."

हे कडब्यामागं लपले. ज्योतीराम भावजी बैलाचं शेपूट न्याहाळायला लागले. मामांनी उद्धवरावांना घोंगडीवर बसवलं, भुईमुगाच्या शेंगा पुढं ठेवल्या. आणि सगळी माणसं त्या दोघांभोवती गोळा — आता रजेचं काय होतं म्हणून.

मी पाणी द्यायला गेले. भंडाऱ्याच्या डोंगराकडं सहज नजर गेली. एक ढग होता. लहानसाच, पण खालून काळा. वारा एकदम पडला होता. मुगाच्या दिवशी पडला होता तसाच.

इथं खरं लिहिते. मनात आलं — गप्प राहावं. रेडिओनं सकाळीसुद्धा कोरडं सांगितलंय. ढग तसाच देहूकडं निघून गेला तर पैज माझी. मी ओरडले, कणसं आवरली, तर पाच घरांसमक्ष मीच कबूल केलं की मला माझ्या उन्हाची खात्री नाही. हातात तांब्या घेऊन उभी राहिले. बालवाडीतली पोरं डोळ्यांपुढं आली, देवाशप्पथ.

मग खळ्याकडं बघितलं. आणि ओरडले — "आवरा! पाऊस येतोय! आवरा!"

सगळे आ करून बघतच राहिले. पहिले उठले ते मामा. मग काय, नुसती पळापळ! पाट्या, गोण्या, घोंगड्या, आत्याबाईंचं नवं लुगडं, जे हाताला लागेल त्यात कणसं. गोठा भरला, पडवी भरली, देवघराच्या दारापर्यंत बाजरी. राहिलेल्या ढिगावर ताडपत्री टाकली, तिचं एक टोक उद्धवरावांनी धरलं होतं. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर! शेवटची पाटी आत गेली आणि फुटलंच आभाळ.

सुपडंभर कणसं भिजली असतील. बाकी सगळी वाचली!

पावसात सगळे हसत होते. उद्धवराव मामांचं धोतर नेसून चहा प्याले. आणि मामा माझ्याकडं बघून सगळ्यांदेखत म्हणाले, "पैज हरलीस, शालन."

"हरले, मामा."

आता चुलीपुढं बसून थोडी रडले. थोडी नाही, बरीच. बाजरी वाचली म्हणून आनंद आहे, खरंच आहे. पण चाकणही गेलं ना!

१५ ऑक्टोबर

दिवसभर ऊन. म्हशीला काल एकच दिवस बुडी मारायची होती!

 मामांना जिंकल्याचा तोरा नाही, टोमणा नाही. जेवतानाही एकच भाकरी. मला हेच जास्त लागलं. ह्यांनी रात्री हळूच विचारलं, "तू ओरडली नसतीस तर?" मी म्हटलं, तर तुम्ही वर्षभर रेडिओ खाल्ला असता.

१७ ऑक्टोबर

उद्धवरावांचा निरोप ज्योतीराम भावजींकडून आला. रजा मंजूर आहे. मात्र पुढच्या वर्षी सासवांना आराम द्यावा, सरळ बाजरी म्हणून सांगावं. त्यांचं धुतलेलं पॅन्ट-शर्ट नि शेंगांची पिशवी ह्यांच्याबरोबर दिली. मामांचं धोतर काही परत आलं नाही.

२१ ऑक्टोबर

मळणी झाली. नव्या बाजरीची भाकरी. ग्रामसेवक आत्याबाईंना विचारत होते, चाकणला नाव कुणाचं कळवू? मी मागच्या परड्यात निघून गेले. पैज म्हणजे पैज. आत्याबाईंनी काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

२५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी मामांनी विळे, नांगर, ह्यांची सायकल सगळं पुजलं. मग आत जाऊन रेडिओ आणला, पाटावर ठेवला, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल. मला हाक मारली. "शालन, ह्याचा कान कुठला पिळायचा ते दाव मला. दिवाळीनंतर तू चाकणात. मग मला हवामान कोण लावून देणार हाय?"